दिव्यांचा आवाज

दिव्यांना आवाज असतो असं मी तालमीत पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा आमच्या मंडळातल्या लोकांनी मला पाणी प्यायला दिलं. एप्रिल चालू होता. चाकणहून कंपनीची बस आणि पुढे रिक्षा असे धक्के खात मी भोसरीला पोचले होते, त्यामुळे मला चक्कर येत असावी असा त्यांचा समज झाला. मी पाणी प्यायले आणि पुन्हा तेच म्हणाले. डोक्यावर टांगलेले ते आठ दिवे आवाज करत होते, चांगला घसघशीत आवाज करत होते, आणि त्या गाळ्यात तो ऐकू येणारी मी एकटीच होते.

माझं कामच ते आहे. आमच्या कंपनीत गाड्यांच्या एसीचे ब्लोअर बनतात आणि मी टेस्टिंगला असते. जाड फोमच्या भिंतींची एक बंद खोली आहे. तिच्यात ब्लोअर लावायचा, दार ओढून घ्यायचं आणि तो घरघरतो का, शिट्टी मारतो का, मधूनच टकटक करतो का ते बघायचं. यंत्र आकडा दाखवतं, पण सही करायच्या आधी मी कान लावते. आकडा बरोबर असूनही मी परत पाठवलेले ब्लोअर पुष्कळ आहेत, आणि लाइनवरचे लोक त्यावरून मला मागे काय म्हणतात तेही मला ऐकू येतं. माझ्या नवऱ्याचं मत असं, की फ्रीज, पंखा आणि त्याचं घोरणं या तिन्हींवरून भांडण काढायचं लायसन्स मला कंपनीने दिलंय.

संध्याकाळी मी दिवे करते. म्हणजे नाटकाचे. एमआयडीसीतल्या एका रिकाम्या गाळ्यात आमचं मंडळ आहे. तिथे पूर्वी लेथ मशिनं होती. मालकाने ती चाकणला मोठ्या शेडमध्ये हलवली आणि हा गाळा आम्हाला तालमीला वापरायला दिला. वर पत्रा, खाली कोबा, भिंतींना आम्हीच मारलेला काळा रंग आणि शंभरेक प्लास्टिकच्या खुर्च्या. पहिल्या रांगेतल्या माणसाने पाय लांब केले तर ते रंगमंचावर जातात. मंडळातले बहुतेक जण पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपमधले किंवा फोर्जिंगमधले. दिग्दर्शक टूलरूममधला, बारीक मापांच्या कामातला, त्यामुळे तो स्वतःला जरा नाजूक कलाकार समजतो. नाटकही त्यानेच लिहिलेलं. नवरा-बायको दोघं कामाला, त्याची पहिली शिफ्ट, तिची दुसरी, आणि दोघांची भेट फक्त दारात, एक आत येताना आणि एक बाहेर पडताना. गोष्ट साधी होती, पण आमच्यातल्या निम्म्या घरांची होती.

आणि दिवे होते मांडववाल्या दादांचे. मोशीतलं जुनं घराणं त्यांचं. जमिनी रस्त्यात आणि इमारतींत गेल्या, मग दादांनी मांडव-डेकोरेशनचा धंदा उभा केला. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर गरगर फिरत आकाशात झोत टाकणारे जे दिवे असतात, ज्यांना सगळे नुसतं ‘मूव्हिंग’ म्हणतात, ते आमच्या भागात दिसले की समजायचं दादांचे. आमचं आधीचं नाटक बघून ते मला म्हणाले होते, ‘‘नाटक लई ब्येस हाय ताई, पन लोडशेडिंगमधी का करता?’’ मी दोन महिने डोकं लावून केलेल्या प्रकाशयोजनेचं हे परीक्षण. मला राग आला आणि हसूही आलं. पुढच्या नाटकाच्या वेळी त्यांनी न विचारता आठ मूव्हिंग टेम्पोत घालून पाठवून दिले. भाडं घेणार नाही म्हणाले. अट एकच, सुरुवातीला आणि शेवटी दिव्यांनी सलामी द्यायची.

सलामी म्हणजे सगळे दिवे एकदम खाली माना घालणार, मग सावकाश वर उचलणार, आणि मग एका दमात लोकांवरून फिरून रंगमंचावर येऊन थांबणार. मिरवणुकीत मानाच्या ठिकाणी ट्रॉली आली की हे करतातच. दादांच्या दृष्टीने ज्या कार्यात सलामी नाही, तिथे त्यांचे दिवे गेलेच नाहीत. दिग्दर्शकाने ती एकदा पाहिली आणि तो हरखून गेला. त्याने नाटकातले कारखान्याचे प्रवेश त्या दिव्यांसाठी पुन्हा लिहून काढले. मी नाक मुरडलं, पण खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी मलाही मजा यायला लागली. आयुष्यभर शिडीवर चढून हाताने दिवे वळवलेल्या बाईच्या हाती आठ दिव्यांच्या माना आल्या तर तीसुद्धा माणूसच आहे.

फक्त ते गप्प बसत नव्हते. प्रत्येकाच्या पोटात बल्ब गार ठेवायला पंखे, वळताना मोटरची कुरकुर, रंग बदलला की आत चक्र खटकन फिरणार. मैदानावर, ढोल-ताशांत, हे कोणाच्या गावीही नसतं. आमच्या गाळ्यात ते लोकांच्या डोक्यापासून हातभर वर होते. ते चालू झाले की त्या जागेत एक अखंड घूंऽऽ भरून राहायचं, आणि वर पत्रा असल्यामुळे ते सगळीकडून यायचं.

तर पाणी पिऊन झाल्यावर मी जाऊन मेन स्विच खाली ओढला. घूं खाली खाली जात थांबलं. गाळ्यात एकदम मोकळं झालं. प्रेस शॉपवाले एकमेकांकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, अरे, हे चालू होतं होय? मग मला सगळा उलगडा झाला. ही माणसं दिवसभर प्रेसच्या दणक्यांत उभी असतात. आवाज चालू असणं ही त्यांची रोजची शांतता. दिवे सुरू झाल्या दिवसापासून त्या सगळ्यांनी, आपल्याला न कळत, शॉप फ्लोअरवर बोलतात तसं ओरडून बोलायला सुरुवात केली होती, आणि दिग्दर्शक खूश होता की यंदा सगळ्यांचे आवाज कसे मोकळे सुटलेत. नवरा बायकोच्या कानाशी येऊन जे हळू बोलतो, ते तो क्रेनवाल्याला सांगावं तसं सांगत होता. मी हसून हसून खाली बसले. दिग्दर्शक हसला नाही.

त्या ओरडण्यात एक आवाज नव्हता. काकूंचा.

काकू म्हणजे नाटकातली बायको. एका कंपनीच्या पॅकिंग लाइनवर वर्षानुवर्षं काम करून नुकत्याच बाहेर पडलेल्या. मूळच्या राजगुरुनगरकडच्या, सडसडीत, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि रंगमंचावर उभ्या राहिल्या की नजर दुसरीकडे जात नाही अशा. आधीच्या वर्षी त्यांच्या स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. त्या काढल्या आणि डॉक्टरांनी बजावलं, इथून पुढे आवाज चढवायचा नाही. आता त्या बोलतात ते खरखरीत, खालच्या पट्टीत, जपून. शांत जागेत ते फार सुंदर लागतं. पंख्याखाली त्यातलं काही उरत नव्हतं.

दिग्दर्शकाने दोन मार्ग काढले. एक तर काकूंना कॉलरचा माइक लावायचा, नाही तर शेवटचा प्रवेश दुसऱ्या कोणाला द्यायचा. शेवटच्या प्रवेशात बायको एकटी असते. नवरा शिफ्टला गेलाय, ती त्याचं ताट वाढते आणि रिकाम्या पाटाशी बोलत बसते. सगळं नाटक त्या दहा मिनिटांवर उभं होतं. काकूंनी दोन्हींना मानेने नाही म्हटलं आणि त्या बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. मी चहा घेऊन मागे गेले. काकू भिडस्त नाहीत. त्यांनी मला सरळ सांगितलं.

त्यांचे यजमान आयुष्यभर प्रेस चालवत होते. कान गेले. म्हणजे अगदी बहिरे नाहीत, पण आजूबाजूला जरा गलबला असला की त्यांना बोललेलं कळत नाही, नुसता आवाज कळतो. काकू इतकी वर्षं त्यांच्याशी ओरडून बोलल्या. लाइनवर ओरडायचं, घरी येऊन ओरडायचं. त्यातच गळा गेला. कानात घालायचं मशिन मुलाने आणून दिलं, ते कपाटात आहे, कारण घर हायवेला लागून आणि मशिनमधून सगळे कंटेनर घरात येतात. माइकचंही तेच. लग्नात कर्ण्यावरून बोललेलं त्यांना ऐकू येतं, पण काय बोलले ते विचारलं तर सांगता येत नाही.

‘‘ऑपरेशन झाल्यापासून मी बोलते ते ह्यांला ऐकू येत न्हाई, आन ह्यांला ऐकू येईल असं मला बोलता येत न्हाई,’’ काकू म्हणाल्या. ‘‘एका घरात ऱ्हातो, पन भेट न्हाई. म्हनून मी ह्यो पार्ट घेतला. पहिल्या रांगेत बसवीन म्हनलं. लोक गप बसतील, मशिनी बंद असतील. तेवढं एकदा त्यांच्या कानावर जाऊ दे.’’

मी त्यांना म्हणाले, जाईल. माझ्यावर सोडा. असं म्हणताना मला जराही शंका वाटली नव्हती, हे मला आजही आवडतं.

आत येऊन मी दिग्दर्शकाला सांगितलं की माइक लागणार नाही आणि माणूसही बदलायचं नाही, दिवे गप्प होतील. तो म्हणाला, मग दिवे काढूनच टाकू. ते शक्य नव्हतं, आणि ते त्यालाही माहीत होतं. दादांनी सगळ्या भावकीला आमंत्रणं दिली होती. त्यांचे दिवे उतरवून ठेवणं म्हणजे जेवायला बोलावून पानावरून उठवणं. शिवाय मला हरायचं नव्हतं. जे फिरतं आणि आवाज करतं ते गप्प करणं हा माझा रोजचा धंदा आहे. बारा लाख किमतीच्या गाडीतल्या साहेबासाठी मी ते करते, तर काकूंसाठी का नको?

पहिल्यांदा मी एक दिवा उतरवून उघडला. आत गुलाल. गच्च भरलेला गुलाल, त्यात जेजुरीकडच्या कुठल्या तरी कार्यातला भंडारा, कागदी चमकीचे तुकडे आणि एक वाळलेलं झेंडूचं फूल. पंख्याच्या पात्यांवर त्याचा थर बसला होता. पातं जड झालं की पंखा थरथरतो आणि थरथरला की गुणगुणतो. दादा शेजारी उभे होते. मला वाटलं रागावतील. ते त्या गुलालाकडे मोठ्या प्रेमाने बघत म्हणाले की ह्यात कितीतरी वर्षांचे गणपती हायेत. मी म्हणाले, गणपती विसर्जन करायचे असतात दादा, दिव्यात ठेवायचे नसतात. शेजारच्या गाळ्यातून कंप्रेसरचा पाइप ओढून आणला आणि आठही दिवे फुंकून काढले. आम्ही सगळे लाल-पिवळे झालो. दोन पंख्यांचं बेअरिंगच गेलेलं होतं, ते बदललं. एवढ्यानेच निम्मा आवाज गेला, आणि दादा दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगत होते की ताईंनी दिव्यांचं पोट साफ केलं.

उरलेला आवाज पत्र्यात होता. दिवे थेट छताच्या लोखंडी अँगलला आवळलेले, त्यामुळे त्यांची थरथर अँगलमधून पत्र्यात जायची आणि अख्खा पत्रा बोलायचा. समोर एका चाचांचं गॅरेज आहे. त्यांच्याकडे गाड्यांचे जुने रबरी बुश ढिगाने पडलेले असतात. मी त्यातले बरे निवडले आणि प्रत्येक दिवा आणि अँगल यांच्या मध्ये रबर घातलं, वर सुरक्षेची साखळी. चाचा स्वतः येऊन बघून गेले आणि इंजिन बसवायची पद्धत दिव्याला वापरलेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असं म्हणाले. मग लोकांच्या डोक्यावरचे चार दिवे उचलून मी रंगमंचाच्या मागच्या भिंतीपाशी नेले. दिव्यांच्या मेनूत पंखे हळू चालवायची सोय होती, ती लावली. ती लावली की दिवा थोडा मंद होतो, पण आमच्या गाळ्यात सूर्य आणायचा नव्हता.

शेवटचं काम आखणीचं होतं. कारखान्याच्या प्रवेशात दिवे हवे तेवढे फिरू दे, ओरडू दे, तिथे ते शोभतं. घरच्या प्रवेशात मात्र एकही मान हलणार नाही, एकही रंग बदलणार नाही. सगळे दिवे आधीच्या गोंगाटात आपापल्या जागी जाऊन बसणार आणि मग नुसते मंद पेटलेले राहणार. दादांना हे पटवायला वेळ लागला. फिरणारा दिवा फिरवायचा नाही, हे त्यांना घोडा घेऊन पायी चालण्यासारखं वाटत होतं. मी सांगितलं, सलामीला दोन्ही वेळा तुमचे दिवे पाहिजे तसे नाचतील, मधलं नाटक माझं. त्यांनी जरा विचार करून होकार दिला.

त्या संध्याकाळच्या तालमीत काकूंचा शेवटचा प्रवेश झाला तेव्हा मी सगळ्यात मागच्या खुर्चीवर जाऊन बसले होते. शब्द न् शब्द ऐकू आला. वाटीत आमटी ओतल्याचासुद्धा आवाज आला. दिग्दर्शकाने वहीतलं ‘माइक’ खोडलं, म्हणजे त्याला पटलं होतं. मी पुढचे काही दिवस कॉलर ताठ करून फिरत होते आणि ब्लोअर परत पाठवण्याचं माझं प्रमाणही त्या आठवड्यात जरा वाढलं.

प्रयोगासाठी गुरुवार मीच निवडला, आणि लांबच्यांना उजेडी घरी जाता यावं म्हणून दुपार. गुरुवारी भोसरीत कारखान्यांना सुट्टी असते. एरवी दिवसा डाव्या हाताला प्रेस, उजव्या हाताला ग्राइंडिंग आणि मागे कोणाचा तरी कंप्रेसर, यांच्यामधून आम्ही नाटकं करतो. गुरुवारी दुपारी मात्र तिथे असं शांत असतं की पत्र्यावर चालणाऱ्या कबुतरांच्या नख्या ऐकू येतात. काकूंना हवी होती ती शांतता भरदिवसा आठवड्यातून त्या एकाच दिवशी मिळते.

गाळा खच्चून भरला. दादांची भावकी पांढऱ्या कपड्यांत, मंडळातल्यांची बायका-पोरं, प्रेस शॉपमधले मित्र, कोणी वाकडच्या उंच इमारतींमधून गाड्या घेऊन आलेले. काकूंचे यजमान पहिल्या रांगेत मधोमध. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर टोपी, हात टोपीवर. काकूंनीच त्यांना हाताला धरून तिथे बसवलं होतं आणि मग त्या आत गेल्या होत्या.

सलामी झाली. लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि दादा माझ्या दिव्यांच्या कन्सोलशेजारी असे उभे राहिले की जणू मुलीचं लग्न आहे. कारखान्याचे प्रवेश जोरात झाले. झोत फिरत होते, भोंगा वाजत होता, प्रेक्षकांतले प्रेसवाले मशिनच्या तालावर माना हलवत होते. यजमानही बघत होते. त्यांना ते सगळं कळत होतं.

मग घर आलं. दिवे आपापल्या जागी बसले. रंगमंचावर चुलीच्या वर एक साधा पिवळा बल्ब टांगलेला, त्याखाली काकू आणि समोर रिकामा पाट. मूव्हिंगचा मंद निळा उजेड मागच्या भिंतीवर. काकूंनी ताट पुसलं आणि त्या बोलायला लागल्या.

आणि वर घूं सुरू झालं.

मला क्षणभर खरंच वाटलं की शेजारी कोणीतरी मशिन चालू केलंय. मग वर बघितलं आणि कळलं. आमच्या सगळ्या तालमी संध्याकाळच्या. ही दुपार होती, मे महिन्याची, पत्र्यावर ऊन आणि खाली एवढी माणसं. दिवे तापले होते. आणि तापले की दिवा मेनूत काय लिहिलंय ते बघत नाही, आपला जीव वाचवायला पंखे पूर्ण वेगाने सोडतो. एकामागून एक आठही दिवे सुटले. साफ केलेले पंखे होते, त्यामुळे थरथर नव्हती, नुसता वारा होता, पण तो वारा काकूंच्या आवाजाच्याच पट्टीतला होता.

मागच्या रांगांतले लोक पुढे झुकले. त्यांना अर्धंमुर्धं कळत असावं. मी बघत होते यजमानांकडे. आधी त्यांनी मान पुढे काढली. मग एक कान रंगमंचाकडे केला. काकूंचे ओठ हलत होते, ते ओठांकडे बघत होते. थोडा वेळ त्यांनी प्रयत्न केला. मग ते हळूच मागे टेकले, मांडीवरची टोपी सारखी केली आणि चेहऱ्यावर ते समजूतदार हसू आणलं, जे काही ऐकू न येणारी माणसं चारचौघांत आणतात. काकूंनी ते बघितलं. मी बघितलं की काकूंनी ते बघितलं.

कन्सोलवरून बल्ब बंद करता येतात, पण पंखे तापलेला दिवा गार होईपर्यंत चालूच राहतात. ते थांबवायचे तर मुळातून वीज तोडायची. आणि गरम बल्बची वीज अशी तोडली की बल्ब जातो, कधी कधी आतल्या आत फुटतो. शिवाय ते पुन्हा लगेच पेटत नाहीत. दिवे माझे नव्हते. मी दादांच्या जवळ जाऊन त्यांच्या कानात हे सगळं सांगितलं. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांकडे बोट दाखवलं, ते काकूंचे कोण आणि त्यांना का ऐकू यायला हवं तेही सांगितलं. बल्ब जातील, मी म्हणाले. शेवटची सलामी होणार नाही, तेही मीच सांगितलं. तिसऱ्या रांगेत त्यांची सगळी भावकी बसली होती.

दादांनी वर आपल्या दिव्यांकडे बघितलं. मग यजमानांकडे. 

‘‘तुमी नका हात लावू,’’ ते म्हणाले. ‘‘माजे हायेत, मीच करतो.’’

ते भिंतीकडून वाकून चालत बोर्डापाशी गेले आणि त्यांनी स्विच खाली ओढला.

निळा उजेड गेला. पंखे दमत दमत खाली आले आणि थांबले. रंगमंचावर फक्त तो पिवळा बल्ब, त्याची वायर वेगळी होती. कोणीतरी खोकलं आणि तेही थांबलं. बाहेर गुरुवार होता. काकू बोलता बोलता गप्प झाल्या. त्यांनी वर बघितलं नाही, आमच्याकडे बघितलं नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या, शांतता पुरती जमेपर्यंत. मग त्यांनी वाढलेलं ताट उचललं, बाजूला ठेवलं, पुन्हा रिकामं ताट घेतलं, पुसलं आणि प्रवेश पहिल्या वाक्यापासून परत सुरू केला. पडद्याआड दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला ते मला ऐकू आलं. प्रयोगात असं कोणी करत नाही. काकूंनी केलं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

त्या खरखरीत, खालच्या आवाजात त्या रिकाम्या पाटाशी बोलत होत्या. भाकरी वाढली. पाण्याचा तांब्या ठेवला. आज बस उशिरा आली म्हणाल्या. साध्या गोष्टी होत्या सगळ्या. यजमान आता टेकलेले नव्हते. हात टोपीवरून निघून गुडघ्यांवर आले होते आणि टोपी खाली पडलेली त्यांना कळली नव्हती.

‘‘डबा खाल्ला का?’’ काकूंनी पाटाला विचारलं. हे नाटकातलंच वाक्य होतं. त्यानंतर त्यांनी थोडं थांबायचं, उसासा टाकायचा आणि पुढे जायचं, असं बसवलेलं होतं.

‘‘व्हय, खाल्ला की,’’ पहिल्या रांगेतून यजमान म्हणाले. ऐकायला कमी येणारी माणसं बोलतात तसं मोठ्याने, अख्ख्या गाळ्याला ऐकू जाईल असं. ‘‘मीठ कमी व्हतं भाजीत.’’

कोणी हसलं नाही. काकूंनी पाटावरची नजर उचलली आणि त्यांच्याकडे वळून बघितलं. चेहरा नाटकातल्या बायकोचा राहिला नव्हता. हातातला डाव त्यांनी सावकाश खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला मागून, एवढ्या अंतरावरून, त्या एका बल्बच्या उजेडात दिसलं.

‘‘उद्या नीट घालते,’’ त्या म्हणाल्या. तेवढ्याच हळू.

‘‘घाल,’’ ते म्हणाले. ‘‘आन गळ्याचं औषध घेतलं का सकाळचं?’’

काकूंनी घेतलं म्हणून सांगितलं. मग यजमानांनी विचारलं की गोळी कोणती घेतली, लांबडी का गोल. दिग्दर्शकाने लिहिलेलं पुढचं पान तसंच राहिलं. माझ्याकडे बंद करायला दिवा नव्हता आणि दादांकडे सलामी नव्हती. नाटक संपलं हे सगळ्यांना कळलं होतं, पण टाळी वाजवायला कोणी धजेना, कारण ते दोघं अजून बोलत होते.